बिंदुसरेकडून सिंधूकडे! बीडकरांची समुद्रस्वारी

हात वर करा बघू! बीड जिल्ह्याला किती किलोमीटरचा समुद्रकिनारा लाभलाय?

शून्य! भोपळा! तालुके अकरा, पण लाट एकालाही नाही.

तरी जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत सकाळची हजेरी ऐका. वर्गात एखादा सागर असतोच, आणि हल्ली अर्णवही असतो. अर्णव म्हणजेसुद्धा समुद्रच! किनारा नसला म्हणून काय झालं, समुद्र आम्ही पोरांच्या नावात भरून ठेवलाय.

आता या सागर-अर्णवांना खराखुरा समुद्र दाखवायचा प्लॅन शिजत असेल, तर बॅगा भरायच्या आधी थोडी माहिती भरून घ्या. तीही चटपटीत. चला, बसा पटापट, खिडकी धरा!

माहीत आहे का? बीड शहर आणि मुंबईची वरळी जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. दोन्हींचा अक्षांश १९ अंशांच्या आसपास. बीडच्या बसस्टँडवरून नाकासमोर पश्चिमेला चालत सुटलात, तर सरळ रेषेत साधारण ३१० किलोमीटरवर पाय ओले होतील. रस्ता मात्र नाकासमोर जात नाही. नुसतं पुणं गाठायलाच अडीचशेच्या आसपास किलोमीटर मोडतात, आणि घाट त्याच्या पुढे.

रेषा एक, पण घड्याळाची गंमत वेगळी. कोकणात सूर्य बीडपेक्षा दहाएक मिनिटं उशिरा मावळतो! पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते आणि किनारा आपल्यापेक्षा अडीच-तीन अंश पश्चिमेला आहे. म्हणजे संध्याकाळी खेळायला दहा मिनिटं बोनस. आईला सांगा, "अजून उजेड आहे!"

आणि हे तर भन्नाट. आपलं पाणी एका समुद्राला जातं आणि आपण जातो दुसऱ्याच!

बिंदुसरा मिळते सिंदफणेला, सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला, आणि गोदावरी पार आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला. मांजरा पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात जन्मते, तीही शेवटी गोदावरीलाच. आष्टीकडची सीना भीमेतून कृष्णेत. थेंब कुठेही पडो, तिकीट पूर्वेचंच! गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वरला. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर. पण बाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि १४६५ किलोमीटरची वाट धरली. सहल काढावी तर अशी!

समुद्राशी सोयरीक जुनीच

परळीच्या वैजनाथाची कथा आजीला विचारा. समुद्रमंथनातून अमृत निघालं, धन्वंतरी निघाले, आणि ते दोन्ही विष्णूने परळीच्या शिवलिंगात लपवले, अशी आख्यायिका. म्हणून हा वैद्यनाथ. मंथन झालं समुद्रात, माल आला मराठवाड्यात!

आणि अंबाजोगाईची योगेश्वरी? कितीतरी कोकणस्थ घराण्यांची ही कुलस्वामिनी. घर कोकणात, देवी आपल्याकडे. कथा सांगते की देवी कोकणातली, लग्न ठरलं परळीच्या वैजनाथाशी, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, आणि देवी अंबाजोगाईतच राहिली. म्हणजे शेकडो वर्षं कोकणातली माणसं नवस फेडायला घाट चढून आपल्याकडे येताहेत. आपण खाली उतरून त्यांच्याकडे गेलो, तर ती सहल नाही, परतभेट आहे!

अर्धा, अर्धा, फुकट!

आता पैशांचं. कोडं सोडवा पटकन. घरात ७६ वर्षांची आजी, बाबा, आई, ८ वर्षांचा दादा आणि ४ वर्षांची ताई. पाच जणांचं साध्या लालपरीचं भाडं किती तिकिटांचं?

पाच? चूक. चार? चूक. उत्तर आहे दोन!

आजी ७५ च्या पुढची, म्हणून तिला २०२२ पासून एसटीत मोफत. आईला १७ मार्च २०२३ पासून अर्धं. दादा बाराच्या आतला, अर्धं. ताई पाचच्या आतली, फुकट. पूर्ण तिकीट काढतात ते फक्त बाबा! एक अधिक अर्धा अधिक अर्धा, झाले दोन. आजीला घरी ठेवून जाण्याचं एकही कारण शिल्लक राहत नाही. आधार कार्ड मात्र तिच्या बटव्यात आठवणीने टाका.

आणि माहीत आहे का, राज्यातली पहिलीवहिली एसटी कुठे धावली? १ जून १९४८, पुणे ते अहमदनगर. आजचं अहिल्यानगर. म्हणजे बीडहून नगरमार्गे पुण्याला निघालात की नगरच्या पुढचा अख्खा टप्पा एसटीच्या वाढदिवसाच्या रस्त्यावरून! हे पोरांना सुप्याच्या आसपास सांगा. "कधी येणार समुद्र?" हा प्रश्न तिथे हमखास दुसऱ्यांदा येतो.

रेल्वेप्रेमींसाठी गरमागरम. १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुटली. ज्या बीडकर आजोबांनी "रेल्वे येणार, रेल्वे येणार" ऐकत पान खाल्लं, त्यांच्या नातवंडांनी अखेर शिटी ऐकली. कोकणात अजून ती थेट जात नाही, पण रूळ पश्चिमेकडे वळलेत हे काय कमी आहे?

पुढे कोकण रेल्वे धरलीत तर पोरांना एक काम लावून द्या: बोगदे मोजा. मार्गावर एकूण ९२! रत्नागिरीजवळचा करबुडे तर साडेसहा किलोमीटर लांब. आत शिरलं की श्वास धरायची पैज लागते. ती सगळेच हरतात.

डब्यात काय?

पहाटे चारला स्वयंपाकघरात दिवा लागला की ओळखावं, गाव सुटणार.

आमच्याकडे आदल्या रात्रीच पीठ काढून ठेवतात. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, थोडी कणीक, तीळ, ओवा, हळद, वाटलेली लसूण-मिरची. धपाट्याचा गोळा ओल्या फडक्यावर थापला जातो, मधे बोटाने भोक पडतं, फडकं उचलून तव्यावर उलटं होतं, आणि एका हाताने ते अलगद सोललं जातं. भोकात तेलाचा थेंब पडला की चर्रर्र! त्या आवाजाने जो उठत नाही, त्याला गजर उठवत नाही.

पण प्रवासाची खरी राणी दशमी. माहीत आहे का ती का टिकते? तिचं पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. दशमी मऊ राहते, दुसऱ्या दिवशीही घास तुटतो. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. फ्रीज नको, पॅकिंग नको, फूड कोर्ट नको!

घाटासाठी आलेपाक वेगळ्या पुडीत. वळणावर मळमळतं ते पोटामुळे नाही बरं का. कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो "आपण हलतोय", आणि मोबाईलवर खिळलेले डोळे म्हणतात "छे, सगळं स्थिर आहे". दोघांचं भांडण, शिक्षा पोटाला! उपाय सोपा. मोबाईल बंद, पुढची सीट, नजर लांब रस्त्यावर.

कालनिर्णय काढा, भरती मोजा

आता लेखातला माझा सगळ्यात लाडका भाग. इथे जरा थांबा. गाडी साइडला घ्या.

माझ्या लेकीने पहिल्यांदा समुद्र पाहिला तो ऐन ओहोटीत. पोचलो तर ओली सपाट वाळू लांबवर पसरलेली आणि पाणी पार तिकडे, पांढऱ्या दोऱ्यासारखं. पाच वर्षांची ती. आजवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पालीजवळचं बिंदुसरा धरण. तिने बराच वेळ पाहिलं आणि काळजीने विचारलं, "पप्पा, पाणी कुणी सोडलं?"

मराठवाड्याच्या लेकराचा याहून खरा प्रश्न असूच शकत नाही. आपल्याकडे पाणी कमी झालं, तर ते कुणीतरी सोडलेलं असतं!

पाणी सोडलं होतं चंद्राने. आणि चंद्राचं वेळापत्रक तुमच्या भिंतीवर लटकलंय.

माहीत आहे का? भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथी घ्या, तिची पाऊणपट करा. झालं! चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, बरोबर तीन. म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास पूर्ण भरती. सव्वासहा तास पुढे-मागे जा, की ओहोटी सापडली. एकादशी? अकराची पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला समुद्र भरलेला, दुपारी अडीचच्या सुमारास रिकामा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच.

असं का होतं? चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरती त्याच्या मागे मागे येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. आपल्या पूर्वजांनी पाच मिनिटं सोडून दिली आणि तोंडी हिशोब सोपा करून ठेवला. काय डोकं! हा अंदाज मुंबई-अलिबागकडे चांगला जुळतो. दक्षिणेला मालवणकडे भरती थोडी आधी येते, म्हणून तिथे गेल्यावर एखाद्या मच्छीमार काकांना विचारून घ्या.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार मवाळ. तो भांग. शब्द पाठ करून जा, कोकणातली माणसं खूश होतील!

आणि हा योगायोग पाहा. कालनिर्णय सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे. १९७३ पासून समुद्रकाठच्या माणसाने काढलेली दिनदर्शिका बीडच्या भिंतीभिंतीवर. आपण तिच्यात एकादशी बघतो, गॅस कधी लागला ते लिहितो, दुधाचा हिशोब मांडतो. यंदा त्याच चौकटीत भरती मांडा!

एक मात्र हसण्यावारी नाही. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं. तेव्हा पोरांना पाण्यात सोडायचं नाही, मोठ्यांनीही उतरायचं नाही. विहिरीतला पट्टीचा पोहणारा समुद्रात पट्टीचा राहत नाही. विहीर ओढत नाही, समुद्र ओढतो. प्रवाहात सापडलंच कुणी, तर किनाऱ्याकडे तोंड करून प्रवाहाशी झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं, ओढ संपली की मग बाहेर. गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, टेकडीला प्रदक्षिणा घाला, उंटावर बसा, पण पाणी गुडघ्यापर्यंतच. तिथला समुद्र दिसतो तेवढा साधा नाही.

वाळूतला रांगोळीवाला

परत मजेकडे!

ओहोटीच्या ओल्या वाळूवर उकिडवे बसा. मोबाईल खिशात, तोंड बंद. दोन मिनिटं.

आधी काहीच दिसत नाही. मग वाळूत एक भोक दिसतं, पेन्सिलीएवढं. मग भोकातून हरभऱ्याएवढा खेकडा बाहेर येतो. चिमट्यांनी वाळू तोंडाकडे नेतो, कणांवर चिकटलेलं बारीक अन्न चाटूनपुसून घेतो, आणि उरलेल्या वाळूची मोहरीहून थोडी मोठी, गोल गोल गोळी करून बाजूला ठेवतो. एक गोळी, मग दुसरी. थोड्या वेळात भोकाभोवती सूर्याच्या किरणांसारखी गोळ्यांची नक्षी उमटते. तुम्ही हललात की गडप!

असे हजारो कारागीर, अख्खा किनारा भरून रांगोळी. आणि पुढची भरती आली की सगळं पुसून पाटी कोरी. उद्या पुन्हा पहिल्या गोळीपासून. माझी लेक त्या भोकासमोर जेवणाची हाक येईपर्यंत बसली होती. वॉटरपार्कचं तिकीट तिथेच वाचलं.

शंख कानाला लावला की समुद्र ऐकू येतो ना? आता घरातला स्टीलचा पेला कानाला लावा. तोच समुद्र! तो लाटांचा आवाज नसतोच. आजूबाजूचा बारीक गोंगाट पोकळीत घुमतो, बस. म्हणजे परळीच्या देवघरातला शंखसुद्धा तेच गाणं गातो, भाडं न भरता.

बाळाला खांद्यावर घ्या, त्याला समुद्र जास्त मिळतो! वाळूवर उभ्या चिमुरड्याला क्षितिज चारेक किलोमीटरवर दिसतं. बाबांच्या खांद्यावर चढलं की ते पाचच्या पुढे सरकतं. एका उडीत किलोमीटरभर समुद्र फ्री!

बीडचा उन्हाळा ४२ डिग्री, कोकणाचा ३४. म्हणजे कोकण गार? थांबा. आपला घाम वाळतो, तिथला वाळतच नाही. हवा आधीच पाण्याने भरलेली, आणखी घ्यायला जागा नाही. म्हणून चिकचिक. सुती कपडे, आणि पोहण्याचे जोड दोन, कारण रात्री वाळत घातलेली चड्डी सकाळीही दमटच. पायाला चिकटलेली वाळू निघत नसेल तर टाल्कम पावडर चोळा. ओल गेली, वाळू गळाली!

दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून सुटतात ते मतलई वारे. परीक्षेत पाठ केलेलं उत्तर इथे गालाला लागतं. शेकोटीचा धूर कुठे वळतोय ते रात्री बघायला सांगा.

कुठे कुठे जायचं?

अलिबाग. इथे समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येतं. आता कळलं ना तिथी का मोजायची? परतायची वेळ मात्र आत शिरण्याआधीच ठरवा. आणि गावात आहे १९०४ पासूनची भूचुंबकीय वेधशाळा. ती मुंबईच्या कुलाब्याहून इकडे का आली? मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, आणि त्या विजेने चुंबकाच्या नोंदी बिघडल्या असत्या. ट्रामला घाबरून होकायंत्र पळालं!

दिवेआगर. १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला. २०१२ मध्ये तो चोरीला गेला. २०२१ मध्ये पुन्हा स्थापना झाली. सिनेमाला लागतं ते सगळं आहे, वर लांबलचक सपाट किनारा. लहान मुलांसोबतची पहिलीच वेळ असेल, तर मी दिवेआगर, गुहागर किंवा दापोलीजवळचं मुरूड यातलं एक निवडेन. रुंद वाळू, मोकळी जागा, आणि घराघरांतून राहायची सोय.

मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४, महाराजांचा समुद्रातला हुकमाचा पत्ता. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत तीन गोड्या विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावं वाचूनच तहान भागते! टँकरच्या रांगेत घागर धरून उभं राहिलेल्या आपल्या मुलांना ही बाव वाकून नक्की दाखवा. त्यांना तिची किंमत सगळ्यात आधी कळेल.

जायच्या आधी घरचा सराव हवाय? बीडचं कंकालेश्वर! भर पाण्याच्या कुंडात उभं असलेलं मंदिर. आपला खिशातला जलदुर्ग.

हरिहरेश्वरला लाटांनी कोरलेला काळा कातळ दिसेल. हात लावा. ओळखीचा वाटतो? वाटणारच! तो बेसाल्ट आहे, आणि बालाघाटाचा डोंगरही त्याच लाव्हाचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक झालेल्या महाप्रचंड उद्रेकांतून थरावर थर साचले. इकडे त्यावर ज्वारी डोलते, तिकडे लाटा. भावंडंच ही!

आणि माळकरी मंडळींनो, "कोकणात जाऊन खायचं काय?" ही काळजी इथेच बुडवा. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, घावणे आणि नारळाची चटणी, ओल्या काजूची उसळ, फणसाची भाजी, उकडीचे मोदक, वर सोलकढी. माळेला धक्का न लागता आठवडा निघतो, आणि वजनकाट्यावर दिसतो.

हापूसला नाव मिळालं पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्कवरून. भौगोलिक मानांकन २०१८ चं. पण आपण काही रिकाम्या हाताने जात नाही. मराठवाड्याच्या केसर आंब्याला आणि बीडच्या सीताफळाला ते मानांकन २०१६ मध्येच मिळालंय. दिवाळीत जाणार असाल तर यजमानांसाठी सीताफळांची पाटी न्या. मऊ झालेली वर, कडक खाली!

कधी जायचं?

जून-जुलै नको. १ जून ते ३१ जुलै कोकणात यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. माशांची वीण, दर्याचा धिंगाणा. जिथे कोळी उतरत नाही तिथे आपण उतरायचं नाही.

दिवाळीची सुट्टी मस्त. पण माझं मत विचाराल तर मार्च-एप्रिल, आणि त्यालाही दोन कारणं आहेत.

पहिलं कारण चार पायांचं. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास. इथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलल्या जातात, आणि खाली वाळूतून तळहाताहून छोटी पिल्लं वर आलेली असतात. दोरीच्या अलीकडे अख्खं गाव आणि पाहुणे, कुणी मोठ्याने बोलत नाही. पिल्लू चार पावलं टाकतं, थांबतं, लाट येते, त्याला उलटंपालटं करते, ते पुन्हा सरळ होतं आणि निघतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे कामाला सुरुवात केली, आणि अंडी वाचवणं हा गावाचा सण झाला.

माहीत आहे का? या पिल्लाचा मुलगा की मुलगी हे वाळू ठरवते! वाळू जास्त तापली तर माद्या, थोडी गार राहिली तर नर.

आणि आता रेकॉर्ड! जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर एक मादी अंडी घालायला आली. पंखावर बिल्ला होता: ०३२३३. तपासलं तर तो बिल्ला लावला होता ओडिशात, गहिरमाथ्याला, मार्च २०२१ मध्ये. साधारण ३५०० किलोमीटर पोहून, भारताला वळसा घालून बाई गुहागरला! आपल्या नद्या ज्या बंगालच्या उपसागरात उतरतात, तिथून ती आली होती. तिच्यापुढे आपला बीड ते कोकण प्रवास म्हणजे अंगणातली फेरी. "किती लांब आहे अजून?" असं कुणी विचारलं की ०३२३३ चं नाव घ्या.

दुसरं कारण दोन पायांचं, आणि ते मला जास्त जवळचं.

माहीत आहे का, ऊसतोडीत "एक कोयता" म्हणजे काय? हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी. दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून असे कोयते गाड्या भरून पश्चिमेला जातात, आणि बरीच पोरं सोबत जातात. कोल्हापूरकडच्या फडात, कोपीत, त्यांचा हिवाळा जातो. तिथून एक घाट उतरला की समुद्र! जिल्ह्यात समुद्राच्या सगळ्यात जवळ जाऊन येणारी ही मुलं, आणि तो न बघता परतणारीही हीच. शाळेच्या सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा त्यांचे बाक रिकामे असतात. गुरुजी, बाई, मनापासून विनंती: एखादी सहल पट्टा पडल्यावर, म्हणजे ऊसतोड संपल्यावर, काढा ना. माणसं परतलेली असतात, वेळासची पिल्लंही निघत असतात. एसटी शाळेच्या सहलीला भाड्यात सवलत देते. गाडी भरेल, आणि पूर्ण भरेल.

जाता जाता

भारताचा किनारा किती? आपण पाठ केलं ७५१६ किलोमीटर. नवा आकडा आहे ११,०९८! जमीन वाढली नाही, मोजपट्टी बारीक झाली. प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण धरून मोजलं, आणि किनारा लांबला. पोरांना दोऱ्याने भाकरीची कड मोजायला लावा, पटकन समजेल.

अरबी समुद्र बंगालच्या उपसागरापेक्षा जास्त खारट आहे. का? तिकडे गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा गोडं पाणी ओततात. त्यात आपल्या बिंदुसरेचाही चमचाभर वाटा!

परत आल्यावर कपडे भिजवाल तेव्हा बादलीच्या तळाशी वाळू बसलेली दिसेल. खिशातून, नेफ्यातून, बाहुलीच्या केसांतून निघालेली. ती मोरीत ओतायच्या आधी पोरांना हाक मारा आणि नकाशा उघडा. मोरीतून नाली, नालीतून बिंदुसरा, मग सिंदफणा. माजलगावच्या धरणात मुक्काम बराच लांबेल. पण एखादा कण निसटलाच, तर मंजरथ, गोदावरी, नांदेड, तेलंगण, आंध्र, आणि बंगालचा उपसागर! ०३२३३ समुद्रातून वळसा घालून आली, आणि तुमच्या चड्डीतली गुहागरची वाळू मधल्या रस्त्याने तिच्या माहेरी निघाली.